आलिस गी : सिनेमाच्या पहिल्या दिग्दर्शिकेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आलिस गीचं नाव निघालं की पहिला वाद ठरलेला असतो: जगातला पहिला कथापट तिचा की नाही? त्या वादाचं उत्तर खाली दिलं आहेच, पण मला तो या गोष्टीतला सर्वांत कमी महत्त्वाचा भाग वाटतो. पंचवीसेक वर्षं एक बाई सिनेमे काढते, दोन देशांत निर्मिती सांभाळते, स्वतःचा स्टुडिओ बांधते आणि हयातीतच तिचं नाव कागदोपत्री नाहीसं होतं. हे कसं घडलं, ते विचारण्यासारखं आहे.

आलिस गी कोण, थोडक्यात सांगाल का?

फ्रेंच चित्रपट दिग्दर्शिका, निर्माती आणि पुढे अमेरिकेत स्टुडिओची मालकीण. जन्म १ जुलै १८७३, पॅरिसला लागून असलेल्या साँ-मांदे गावी. मृत्यू २४ मार्च १९६८, अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी. लग्नानंतर ती आलिस गी-ब्लाशे झाली, म्हणून पुस्तकांत दोन्ही नावं सापडतात. दिग्दर्शन करणारी जगातली पहिली स्त्री म्हणून तिला ओळखतात आणि त्याबद्दल फारसं दुमत नाही.

घरात कोणी नाटक-सिनेमातलं होतं का?

नाही. वडील एमिल गी चिलीमध्ये पुस्तकांचा धंदा करायचे. आलिस पाच भावंडांत धाकटी. ती अगदी लहान असताना स्वित्झर्लंडमध्ये आजीपाशी राहिली, मग काही काळ चिलीत आईवडिलांकडे आणि पुढे युरोपात जोगिणींच्या निवासी शाळेत. धंदा बुडाला, वडील १८९१ मध्ये गेले आणि आईला सांभाळायची वेळ या मुलीवर आली. मग तिने टंकलेखन आणि लघुलेखन शिकून घेतलं. तेव्हा पॅरिसमध्ये टाइपरायटर ही नवी वस्तू होती आणि ती चालवणाऱ्या मुलीला ऑफिसात जागा मिळत होती.

१८९४ मध्ये छायाचित्रणाचं साहित्य विकणाऱ्या एका कंपनीत ती सेक्रेटरी म्हणून लागली. तिथे मालकाच्या हाताखालचा अधिकारी होता लेओं गोमाँ. वर्षभरात मूळ मालकाला कंपनी सोडावी लागली आणि गोमाँने ती विकत घेतली. भांडवल घालणाऱ्यांत गुस्ताव्ह आयफेल होता, टॉवर बांधणारा तोच. सेक्रेटरी नव्या मालकाबरोबर राहिली. कंपनीची पत्रं तिच्या हातून जात असल्यामुळे कॅमेऱ्यांचे प्रकार, भिंगं, गिऱ्हाइकांच्या तक्रारी, संशोधकांची भांडणं हे सगळं तिला आपसूकच कळत गेलं. तिचं तांत्रिक शिक्षण झालं ते असं, टपाल हाताळता हाताळता.

मग सेक्रेटरीला सिनेमा काढायची परवानगी मिळाली कशी?

२२ मार्च १८९५ रोजी ल्युमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये उद्योजकांच्या एका संस्थेपुढे आपल्या यंत्राचं प्रात्यक्षिक दाखवलं. कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार, बस्स. गोमाँ आणि आलिस दोघंही तिथे होते. लवकरच गोमाँनेही कॅमेरे बनवायला घेतले. कॅमेरा विकायचा तर तो काय करू शकतो ते दाखवायला नमुन्याच्या फिती लागत आणि त्या असायच्या रस्त्यावरची वर्दळ, आगगाडी, लष्कराची परेड. आलिसला ते कंटाळवाणं वाटलं. घरात पुस्तकांचा राबता असल्यामुळे गोष्टींची गोडी होती आणि हौशी नाटकांत तिने थोडंफार काम केलं होतं. मैत्रिणींना घेऊन एक-दोन प्रवेश चित्रित करू का, असं तिने मालकाला विचारलं.

गोमाँ हो म्हणाला, एका अटीवर: ऑफिसच्या पत्रव्यवहारात खंड पडता कामा नये.

या अटीकडे नीट पाहावं. त्याला सिनेमातल्या गोष्टींचं महत्त्व कळलं असतं तर त्याने हे काम एखाद्या पुरुषाला दिलं असतं. त्याचा धंदा यंत्रं विकण्याचा होता, फिती म्हणजे वरचा मालमसाला. त्या दुर्लक्षातून आलिसला वाट मिळाली. पुढे त्याच फितींतून पैसा दिसू लागल्यावर ती जागा सहजासहजी मिळाली नसती. तोवर मात्र तिच्याइतका अनुभव असलेलं दुसरं कोणी कंपनीत नव्हतं.

तिचा पहिला सिनेमा कोणता? जगातला पहिला कथापट तोच का?

'कोबीची परी'. फ्रेंच पोरांना सांगतात की बाळं कोबीच्या गड्ड्यात सापडतात. त्यावरची ही मिनिटभराची गंमत आहे. एक परी कोबीच्या वाफ्यातून जिवंत, रडकी तान्ही बाळं उचलून काढते. आलिसच्या आठवणीनुसार पडदा शेजारच्या पंखे रंगवणाऱ्याकडून रंगवून घेतला, कोबी सुताराकडून लाकडात कापून घेतले, कपडे भाड्याने आणले आणि नटमंडळी म्हणजे तिच्या मैत्रिणी.

ती स्वतः साल सांगते १८९६. आज जी फीत पाहायला मिळते ती मात्र १९०० च्या सुमाराची मानतात आणि १९०२ मध्ये तिने याच कल्पनेवर आणखी एक सिनेमा केला, ज्यात बाळ निवडायला आलेलं जोडपंही आहे. तिच्या आठवणीतलं वर्णन या दुसऱ्या सिनेमाशी जास्त जुळतं. त्यामुळे १८९६ च्या सालावर अभ्यासक भांडत असतात. शिवाय ल्युमिएरांचा माळ्याच्या तोंडावर पाणी उडवणारा विनोदी प्रवेश १८९५ चा, आणि त्यातही गोष्ट आहेच, दोन ओळींची का होईना.

तेव्हा 'पहिला कथापट' हे बिरुद मी तरी ठामपणे लावणार नाही. ते काढून घेतलं तरी तिचं काही बिघडत नाही. शर्यतीत पहिला नंबर आला म्हणून नव्हे, तर पुढची दहा वर्षं रोज हेच काम केलं म्हणून ती मोठी आहे.

हजार सिनेमे केले म्हणतात. हे शक्य तरी आहे का?

आकडा ऐकून दचकायला होतं, कारण आपल्या डोळ्यांपुढे अडीच तासांचा सिनेमा असतो. सुरुवातीची एक फीत वीस मीटरच्या आसपास, म्हणजे जेमतेम मिनिटभर. नाच, जादूचे खेळ, पाठलाग, एखादा विनोद, असे विषय. कित्येक फिती एका दिवसात उरकत. त्यात भर म्हणजे १९०६-०७ पर्यंत ती गोमाँची निर्मितीप्रमुख होती. हजाराच्या आकड्यात तिने स्वतः दिग्दर्शित केलेले आणि तिच्या देखरेखीखाली इतरांनी केलेले, असे दोन्ही धरले जातात. मोठ्या लांबीचे सिनेमे त्यात वीस-बावीस.

प्रमुख म्हणून तिने गोळा केलेली माणसंही पाहण्यासारखी आहेत. लुई फेयाद तिच्याकडे लेखक म्हणून आला. पुढे तो फ्रान्समधल्या मोठ्या दिग्दर्शकांत गणला गेला आणि आपल्या जागी त्याला नेमा, ही शिफारस तिचीच. पुढे दिग्दर्शक म्हणून नाव झालेला व्हिक्टोरँ जासे तिच्या हाताखाली होता. नेपथ्यकार आँरी मेनेसिए पुढे तिच्यासाठी अमेरिकेतही काम करत होता. १९०५ मध्ये पॅरिसमधल्या ब्यूत-शोमाँला गोमाँचा भलामोठा काचेचा स्टुडिओ उभा राहिला, तेव्हा तिथली व्यवस्था या पूर्वीच्या टायपिस्टच्या हाती होती.

मूकपटांच्या काळात तिने बोलपट केले, हे खरं का?

हो आणि ही गोष्ट मराठी वाचकाला चटकन कळेल, कारण आपल्याकडच्या गाण्यांचं चित्रीकरण आजही साधारण तसंच होतं. गोमाँच्या 'क्रोनोफोन' यंत्रासाठी आधी गायकाचा आवाज ध्वनिमुद्रित करत. मग सेटवर ती तबकडी लावायची आणि गायकाने तिच्याबरोबर ओठ हलवायचे. म्हणजे सरळ प्लेबॅक. चित्रपटगृहात प्रक्षेपक आणि ग्रामोफोन विजेच्या मोटारींनी एकमेकांना बांधलेले असत आणि मागेपुढे झालं की ऑपरेटर वेग कमीजास्त करी. आवाज मोठा करायची अडचण होती. त्यासाठी दाबलेल्या हवेचा उपयोग करून पाहिला गेला.

१९०२ ते १९०६ या काळात आलिसने अशी शंभरावर ध्वनिदृश्यं केली. त्यात ऑपेरातले प्रवेश होते आणि फेलिक्स मायोल, द्रानेम यांच्यासारख्या लोकप्रिय गायकांची गाणीही. १९०५ मधली एक छोटी फीत सुदैवाने टिकली आहे. तीत ती स्वतः अशा चित्रीकरणाच्या मधोमध उभी आहे. मोठमोठे कर्णे, दिवे, घोळक्याने उभे असलेले नर्तक आणि सगळ्यांना जागच्या जागी लावणारी लांब झग्यातली आलिस. तिच्या कामाचा यापेक्षा सरळ पुरावा कोणता हवा?

दादासाहेब फाळक्यांनी पाहिलेला 'ख्रिस्ताचं चरित्र' हा सिनेमा तिचाच होता का?

तसं अनेक ठिकाणी छातीठोकपणे लिहिलेलं आढळतं. फाळक्यांनी गिरगावात हा सिनेमा पाहिला आणि पडद्यावर येशू दिसत असताना आपल्या मनात कृष्ण, राम, गोकुळ, अयोध्या दिसू लागल्याचं त्यांनी पुढे 'नवयुग' मासिकात लिहिलं. पण तो सिनेमा कोणी काढला, हे त्यांनी सांगितलेलं नाही. ते सांगणार तरी कसे, तेव्हा फितीवर दिग्दर्शकाचं नाव नसायचं. ख्रिस्तचरित्रावरचे सिनेमे त्या काळात एकाहून जास्त होते आणि गोमाँची प्रतिस्पर्धी असलेल्या पाथे कंपनीचा तर जगभर फिरत होता. नाव जुळतं म्हणून सिनेमा तोच, असं म्हणता येत नाही. फ्रेंच दिग्दर्शिकेमुळे भारतीय सिनेमा जन्मला, हे वाक्य कितीही आकर्षक असलं तरी मोह आवरावा.

मला स्वतःला दुसरं साम्य जास्त भावतं. आलिसने १९०६ मध्ये आपला ख्रिस्तपट केला तेव्हा जेम्स तिसो या चित्रकाराची बायबलची छापील चित्रं समोर ठेवली होती. पंचवीस प्रवेश, सुमारे तीनशे माणसं, अर्ध्या तासाहून जरा जास्त लांबी. त्या वेळी हा प्रचंड पसारा होता. लोकांनी घरोघर पाहिलेली चित्रं तिने हलती केली. फाळके तर रविवर्म्याच्या छापखान्यासाठी काम केलेले गृहस्थ. घरातल्या भिंतीवरचे देव चालताबोलताना पाहायची प्रेक्षकाची भूक दोघांनाही ठाऊक होती. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नसताना दोघांनी एकच वाट धरली.

तिच्या ख्रिस्तपटात बायका आणि मुलं किती ठिकाणी दिसतात, तेही पाहा. येशूच्या वाटेवर सतत कोणी ना कोणी स्त्री उभी आहे. हा सिनेमाही पुढे बरीच वर्षं जासेच्या नावावर खपवला गेला, हे ओघाने आलंच.

ती स्त्रीवादी होती का?

आजच्या अर्थाने तिच्यावर पाटी लावायची घाई नको. १९०६ मधलाच 'स्त्रीवादाचे परिणाम' हा सातेक मिनिटांचा सिनेमा घ्या. त्यात पुरुष इस्त्री करतात, शिवणकाम करतात, मुलं सांभाळतात, लाजतात, मुरडतात. बायका दारूच्या गुत्त्यात सिगारेट ओढत बसतात आणि दिसेल त्या पुरुषाच्या मागे लागतात. शेवटी पुरुष बंड करून गुत्ता ताब्यात घेतात. वरवर पाहता ही बायकांच्या हक्कांची टिंगल आहे आणि त्या काळच्या पुरुष प्रेक्षकाने तशीच ती पाहून हसून घेतली असेल. पण बाकावर बसलेल्या बुजऱ्या पुरुषाशी ती बाई ज्या पद्धतीने लगट करते, तो प्रसंग हसता हसता अंगावर येतो. रोज रस्त्यावर चालणारी गोष्ट फक्त उलटी करून दाखवली आहे. अमेरिकेत गेल्यावर तिने ही कल्पना पुन्हा वापरली. तो सिनेमा आज उपलब्ध नाही.

त्याच वर्षीचा 'बाईंना डोहाळे लागतात' मला तिच्या फ्रेंच विनोदी सिनेमांत सर्वांत आवडतो. गरोदर बाई रस्त्याने चालली आहे, मागे बाबागाडी ढकलणारा नवरा. तिला जे दिसेल ते हवं. लहान मुलीच्या हातची साखरकांडी, हॉटेलात बसलेल्याचा अ‍ॅबसिंथ या दारूचा पेला, भिकाऱ्याचा खारवलेला मासा, फेरीवाल्याची चिलीम. हिसकावून घेतलं की कॅमेरा थेट तिच्या चेहऱ्याजवळ जातो आणि ती निवांतपणे चव घेते. १९०६ साली कॅमेरा इतक्या जवळ नेऊन, केवळ एका बाईच्या सुखासाठी गोष्ट थांबवणं हे धाडस होतं. नवरा बिचारा सगळ्यांची माफी मागत फिरतो. बाळ कुठे जन्मतं? अर्थातच कोबीच्या शेतात.

फ्रान्समध्ये सगळं सुरळीत असताना ती अमेरिकेला का गेली?

लग्नामुळे. हर्बर्ट ब्लाशे हा गोमाँच्याच कंपनीतला, तिच्याहून नऊ वर्षांनी लहान. १९०७ मध्ये लग्न झालं आणि गोमाँने त्याला क्रोनोफोन विकायला अमेरिकेत पाठवलं. आलिसने नोकरी सोडली. क्लीव्हलंडमधला तो व्यवहार फसला. मग दोघं न्यूयॉर्कजवळ फ्लशिंगला गोमाँच्या स्टुडिओत आले, हर्बर्ट व्यवस्थापक म्हणून. १९०८ मध्ये मुलगी सिमोन झाली. स्टुडिओ बराच वेळ रिकामा पडून असे आणि रिकामा स्टुडिओ पाहून आलिसला घरात बसवेना.

सोलॅक्स कंपनी कशी उभी राहिली?

१९१० मध्ये तिने सोलॅक्स काढली. आधी फ्लशिंगचा तोच स्टुडिओ भाड्याने घेतला. धंदा चालला आणि १९१२ मध्ये न्यू जर्सीतल्या फोर्ट ली इथे स्वतःचा स्टुडिओ बांधला. खर्च एक लाख डॉलरच्या वर. काचेचं छप्पर, प्रयोगशाळा, कपड्यांचं दालन, सुतारखाना, सगळं एकाच आवारात. हॉलिवूड अजून व्हायचं होतं. अमेरिकन सिनेमाचं मोठं केंद्र तेव्हा फोर्ट ली हेच होतं.

अध्यक्ष तीच आणि मुख्य दिग्दर्शकही तीच. आठवड्याला एक, दोन, कधी तीन एक-रिळी सिनेमे बाहेर पडत. विनोदी, काउबॉयचे, लष्करी, कौटुंबिक, जे चालेल ते. 'बीस्ट्स ऑफ द जंगल' या सिनेमासाठी तिने वाघ आणला, 'डिक व्हिटिंग्टन' या १९१३ मधल्या तीन रिळांच्या सिनेमासाठी खरं जहाज उडवून दिलं. बायका कोमल विषय हाताळतात, असं ज्यांना वाटतं त्यांनी सोलॅक्सची यादी चाळावी.

स्टुडिओत तिने एक पाटी लावली होती म्हणतात. ती काय होती?

'बी नॅचरल'. सहज वागा. मोठ्या अक्षरांत, नटांना दिसेल अशी. तेव्हाचे नट रंगमंचावरून आलेले. हात वर करून छाती पिटली की दुःख, डोळे गरागरा फिरवले की राग. तिच्या चांगल्या सिनेमांत ते दिसत नाही. नट खोलीत वावरतात, हातमोजे काढतात, वर्तमानपत्र उलगडतात आणि विनोद त्यातूनच निघतो. सगळ्याच सिनेमांत ही पाटी पाळली गेली असं मात्र नाही, घाईत काढलेल्या काहींत छाती भरपूर पिटलेली आहे.

कृष्णवर्णीय कलाकारांना घेऊन तिने सिनेमा केला, तो कितपत पुरोगामी आहे?

'अ फूल अँड हिज मनी', १९१२. सगळे कलाकार कृष्णवर्णीय असलेल्या अगदी सुरुवातीच्या सिनेमांपैकी एक. गोरे नट तोंडाला काळं फासून काम करायचे त्या काळात ही मोठी गोष्ट. पण सिनेमातला विनोद मात्र त्या काळच्या गोऱ्या प्रेक्षकाच्या समजुतींवरच उभा आहे. 'मॅट्रिमनीज स्पीड लिमिट' या तिच्या एरवी झकास विनोदी सिनेमात नायक बुरखा घेतलेल्या बाईला मागणी घालतो, बुरखा वर होतो, बाई कृष्णवर्णीय निघते आणि तो पळ काढतो. आज ते पाहताना घास अडकतो. तिचं कौतुक करताना हे गाळू नये.

यात नवऱ्याचा वाटा किती?

सुरुवातीला कमी, नंतर मोठा. गोमाँशी करार होता तोवर हर्बर्ट तिकडे नोकरीत होता. १९१३ मध्ये तो मोकळा झाला आणि आलिसने कंपनीचं अध्यक्षपद त्याच्याकडे सोपवलं, म्हणजे आपल्याला दिग्दर्शन करत राहता येईल. काही महिन्यांत त्याने स्वतःच्या नावाची वेगळी कंपनी काढली आणि सोलॅक्स मागे पडली. अध्यक्षपद देऊन टाकलं ही तिची सर्वांत महाग चूक, असं माझं मत. मात्र त्या काळातल्या बँका, वितरक आणि वकील यांच्या बैठकांत बाईला काय वागणूक मिळत असेल, याचा विचार केला की तिला दोष द्यायला मन धजत नाही. १९१४ मध्ये एका अमेरिकन व्यवसाय-साप्ताहिकात तिने लेख लिहून ठणकावलं होतं की सिनेमा काढण्यातलं असं एकही काम नाही जे बाईला पुरुषाइतक्याच सहजपणे जमणार नाही. लेख छापून आला. बैठका तशाच राहिल्या.

एवढा स्टुडिओ बंद का पडला?

एका कारणाने नाही. छोटे एक-रिळी सिनेमे मागे पडून पाच-पाच रिळांचे सिनेमे आले, त्यांचा खर्च आणि वितरण लहान कंपनीला झेपेना. व्यवसाय कॅलिफोर्नियाकडे सरकला. १९१४ नंतर आलिस इतर कंपन्यांसाठी सिनेमे करत राहिली. ओल्गा पेट्रोव्हासारख्या तारका तिच्या दिग्दर्शनाखाली चमकल्या. पण ती आता पगारी दिग्दर्शक होती.

१९१८ मध्ये हर्बर्ट एका नटीबरोबर हॉलिवूडला निघून गेला. आलिस स्पॅनिश फ्ल्यूने मरता मरता वाचली. पुढे ती मुलांना घेऊन कॅलिफोर्नियाला गेली आणि वेगळं राहून नवऱ्याच्याच सिनेमांत सहायक म्हणून राबली. ज्या माणसाला तिने कंपनी दिली त्याच्या हाताखाली. तिचा शेवटचा सिनेमा १९२० मध्ये पडद्यावर आला, 'टार्निश्ड रेप्युटेशन्स'. कर्जापायी स्टुडिओचा लिलाव झाला, घटस्फोट झाला आणि १९२२ मध्ये ती दोन मुलांसह फ्रान्सला परतली.

मग फ्रान्समध्ये तिला काम मिळालं नाही का?

नाही. वय एकोणपन्नास, हातात दाखवायला एकही फीत नाही, पूर्वीचे लोक विखुरलेले. नंतर तिने मुलांसाठी गोष्टी लिहिल्या, मासिकांसाठी सिनेमांच्या कथा लिहून दिल्या. १९२७ मध्ये ती केवळ आपले सिनेमे शोधायला अमेरिकेला गेली आणि रिकाम्या हाताने परत आली. पुढची कित्येक वर्षं ती मुलगी सिमोनबरोबर राहिली. सिमोन अमेरिकी वकिलातींत नोकरी करत असे, तिची बदली होईल तिथे आईचं बिऱ्हाड.

तिचं नाव कोणी मुद्दाम पुसलं का?

कटकारस्थान शोधणाऱ्यांची निराशा होईल. बहुतेक काम निष्काळजीपणाने केलं. जुन्या फितींवर आणि कॅटलॉगांत कंपनीचं नाव असे, दिग्दर्शकाचं नसे. त्यामुळे इतिहास लिहायला बसलेल्यांनी अंदाज बांधले आणि अंदाजात बाईचं नाव सहसा येत नाही. गोमाँ कंपनीचा इतिहास १९३० च्या सुमारास मांडला गेला तेव्हा १९०७ पूर्वीची चित्रपटनिर्मितीच त्यातून वगळली गेली, म्हणजे नेमकी आलिसची कारकीर्द. तिने गोमाँला लिहिलं, त्याने दुरुस्तीचं कबूल केलं, ती दुरुस्ती छापून आलीच नाही. जॉर्ज सादूलसारख्या नावाजलेल्या इतिहासकारानेही तिचे सिनेमे दुसऱ्यांच्या खात्यावर टाकले होते.

ती मात्र गप्प बसली नाही. म्हातारपणी बसून स्वतःच्या सिनेमांच्या याद्या केल्या, पत्रं लिहिली, चुका दाखवल्या. पत्रव्यवहार हे तिचं पहिलं काम, शेवटीही तेच कामी आलं. १९५० च्या दशकात गोमाँच्या मुलाने जाहीर भाषणात तिचं श्रेय मान्य केलं आणि फ्रान्स सरकारने तिला 'लेजियाँ द'ऑनर' हा सन्मान दिला. आत्मचरित्र लिहून तयार होतं, पण छापायला कोणी पुढे येईना. ते १९७६ मध्ये आलं, ती गेल्यानंतर आठ वर्षांनी.

त्या काळात दुसऱ्या स्त्री दिग्दर्शक नव्हत्याच का? भारतात?

होत्या की. अमेरिकेत लोइस वेबर हे मोठं नाव आणि तिची सुरुवात गोमाँच्या अमेरिकेतल्या बोलपट शाखेतच झाली. फ्रान्समध्ये पुढे जर्मेन द्युलाक आली. १९१० च्या दशकात अमेरिकेत अनेक बायका दिग्दर्शन करत होत्या. पैसा आणि मोठे स्टुडिओ आले तशा त्या कमी झाल्या.

आपल्याकडे १९२६ मध्ये फातमा बेगम यांनी 'बुलबुल-ए-परिस्तान' दिग्दर्शित केला, तोही स्वतःची कंपनी काढून. 'आलम आरा'ची नायिका झुबेदा ही त्यांची मुलगी. आणि १९१३ चं साल आठवा: आलिस फोर्ट लीत जहाज उडवत होती, तेव्हा मुंबईत फाळक्यांना तारामतीच्या कामाला बाई मिळेना म्हणून अण्णा साळुंके साडी नेसून उभे राहिले. पडद्यामागे मात्र सरस्वतीबाई फाळके फिल्मला भोकं पाडत होत्या, रसायनांत फिल्म धूत होत्या आणि वर सगळ्या चमूचा स्वयंपाकही करत होत्या. श्रेयनामावलीत त्याही नव्हत्या.

तिचे किती सिनेमे आज शिल्लक आहेत?

सुमारे दीडशे. नायट्रेटची फिल्म पेट घेते, कुजते, आणि जुन्या फिती चांदीसाठी वितळवल्याही जात. तिच्या हयातीत जे हाती लागले ते अगदी थोडे. बाकीचे नंतर फ्रान्स, अमेरिका आणि युरोपातल्या संग्रहालयांत एकेक करून ओळखू आले. २०१८ च्या, पामेला ग्रीन दिग्दर्शित माहितीपटाने हा शोध सर्वसामान्य प्रेक्षकांपर्यंत नेला. २०१८ पासून फ्रान्समध्ये तिच्या नावाने स्त्री दिग्दर्शकांसाठी पुरस्कार आहे आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकच्या उद्घाटनात सेन नदीकाठी दहा फ्रेंच स्त्रियांचे सोनेरी पुतळे वर आले, त्यांत एक तिचा होता.

पाहायचं ठरवलं तर सुरुवात कुठून करू?

बहुतेक सिनेमे पाच ते पंधरा मिनिटांचे आहेत आणि इंटरनेटवर फुकट सापडतात, त्यामुळे निमित्त सांगायला जागा नाही. 'कोबीची परी'पासून सुरुवात करू नका. ते मिनिट ऐतिहासिक आहे, पण त्यावरून तिच्याबद्दल काहीच कळणार नाही. आधी डोहाळ्यांचा सिनेमा पाहा, मग 'स्त्रीवादाचे परिणाम'. अमेरिकेतल्यांपैकी 'अ हाउस डिव्हायडेड' (१९१३): एकमेकांवर संशय घेणारं नवरा-बायको वकिलाच्या सल्ल्याने एकाच घरात अबोला धरून राहतात आणि चिठ्ठ्या लिहून संसार चालवतात. हा विनोद अजूनही जुना झालेला नाही.

रडायची तयारी असेल तर 'फॉलिंग लीव्ह्ज' (१९१२). मोठी बहीण क्षयाने अंथरुणाला खिळलेली. शेवटचं पान गळायच्या आत ती जाईल, असं डॉक्टर आईला सांगतो आणि धाकटी ते ऐकते. रात्री ती बागेत जाऊन गळालेली पानं दोऱ्याने फांद्यांना बांधू लागते. गोष्ट भाबडी आहे, शेवट तर फारच सोयीस्कर. पण ती पोर पान बांधताना जी गाठ मारते ती नीट पाहा. घाई नाही, अभिनयाचा आव नाही, पाटीवर लिहिलं होतं तसंच.

ख्रिस्तपट शेवटी ठेवा, सलग अर्धा तास वेळ काढून. आवाज बंद करून पाहिलात तर उत्तम, कारण इंटरनेटवरच्या प्रतींना जोडलेलं संगीत बहुधा भलतंच असतं.